शकुंतला आपल्या गावात आली तर?
(जुन्या प्रेमकथा नव्या जगात लिहाव्याशा का वाटतात, याविषयी एक पाठ)



या पानावर आम्ही नेहमी अभ्यासाचे वेळापत्रक, हस्ताक्षर, परीक्षेची तयारी अशा विषयांवर लिहितो. या वेळी विषय वेगळा आहे. गेल्या पावसाळ्यात दहावीच्या वर्गात गणिताच्या तासाला एक वही सापडली. वर लेबल ‘भौतिकशास्त्र’. आत भौतिकशास्त्राची एक ओळही नव्हती. दोनशे पानी वही, निम्म्याहून अधिक भरलेली, प्रकरणांना क्रमांक घातलेले. सरांनी ती आमच्या टेबलावर ठेवली आणि एवढेच म्हणाले, “प्रेमकथा आहे.”

त्यानंतर जे घडले त्यात मुलीपेक्षा आमची चूक मोठी होती. ती कबूल करावी आणि त्या निमित्ताने सर्वांचा एक पाठही व्हावा, म्हणून हा लेख. मुलीची आणि तिच्या आईवडिलांची परवानगी घेतली आहे. नाव देत नाही.

वहीत काय होते

कथेतली नायिका शकुंतला. कण्व ऋषींच्या आश्रमाऐवजी ती कुंतला धबधब्याजवळच्या एका रोपवाटिकेत राहते. तिला वाढवणारे कण्वकाका सागाची आणि बांबूची रोपे तयार करतात. दुष्यंत हा महामार्गाच्या कामावर आलेला साहेब. त्याची गाडी बंद पडते, तो पाणी मागायला येतो, आणि पुढे जे व्हायचे ते होते. जाताना तो तिला अंगठी देत नाही, तिच्या मोबाईलमध्ये आपला नंबर घालून देतो. तो मोबाईल धबधब्याच्या कुंडात पडतो.

शकुंतला त्याचे कार्यालय शोधत शहरात जाते. तो तिला पाहतो, समोर बसलेल्या अधिकाऱ्यांकडे पाहतो आणि विचारतो, “कोण आपण?” ती म्हणते, “मोबाईल पाण्यात पडला, मी नाही.” येथे वही संपते.

आमची चूक

आम्ही त्या दिवशी चार पाने वाचली, ‘प्रेम’ हा शब्द दोनदा पाहिला आणि वडिलांना बोलावणे धाडले. ते कापसाचे शेतकरी. निंदणी टाकून आले. वही हातात घेतली, उलटसुलट केली आणि विचारले, “सर, हा दुष्यंत कोण? कोणत्या गावचा?”

आम्हाला तेव्हाच थांबायला हवे होते. पण तास सुरू होता, आणि आम्ही “मुलीवर लक्ष ठेवा” असे सांगून मोकळे झालो. दोन दिवसांनी कळले की घरी ठरले आहे: दहावी झाली की शाळा पुरे, मामाच्या ओळखीने स्थळ बघायचे.

मुलीचे पुढचे शिक्षण आमच्या चार पानांच्या वाचनावर अडले होते. त्या रात्री आम्ही वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, आणि मग महाभारत व कालिदास पुन्हा उघडले.

मूळ शकुंतला कोणती?

विद्यार्थ्यांनो, शकुंतला म्हटले की आपल्याला दुर्वासाचा शाप, हरवलेली अंगठी आणि मासा आठवतो. हे सगळे कालिदासाचे. महाभारताच्या आदिपर्वात अंगठीही नाही आणि शापही नाही.

व्यासांची शकुंतला विवाहाला होकार देण्यापूर्वी अट घालते की माझा मुलगाच युवराज होईल. राजा कबूल करतो, निघून जातो. मुलगा मोठा झाल्यावर ती त्याला घेऊन दरबारात येते. राजाला सर्व आठवत असते, तरी तो मी तुला ओळखत नाही असे म्हणतो. ही शकुंतला रडत बसत नाही. पत्नी म्हणजे काय, पुत्र म्हणजे काय, सत्याचे वजन किती, हे ती भर दरबारात राजाला सुनावते. शेवटी आकाशवाणी होते, आणि राजा सांगतो की मला ठाऊक होते, पण लोकांच्या मनात शंका राहू नये म्हणून मी असे वागलो.

कालिदासाने हीच माणसे घेतली आणि त्यांच्याभोवतीचे जग बदलले. राजा खोटे बोलला ही गोष्ट त्याने शापावर घातली, म्हणजे राजाचे प्रेम निष्कलंक राहिले. अनसूया आणि प्रियंवदा या मैत्रिणी त्याने नव्याने दिल्या. अंगठी दिली, ती पाण्यात पाडली, कोळ्याच्या हाती परत आणली. सात अंकांचे नाटक झाले.

आता आपल्या विद्यार्थिनीकडे पाहा. तिने महाभारतातली कथा वाचलेली नव्हती, वर्गात सांगितलेले शाकुंतल तेवढे ऐकले होते. तरी तिने शाप काढून टाकला. असे का केले, हे आम्ही तिला नंतर विचारले. ती म्हणाली, “शाप-बिप काही नाही सर. साहेब लोकांसमोर घाबरला.” एवढ्या एका वाक्याने ती कालिदासाला ओलांडून व्यासांच्या दारात पोहोचली होती.

हे पूर्वीपासून चालत आले आहे

वाचकाने आपल्या आवडत्या पात्रांवर स्वतः कथा लिहिणे, याला इंग्रजी मुलखात फॅन फिक्शन म्हणतात. आपण रसिकलेखन म्हणू. त्यातही ‘पर्यायी विश्व’ नावाचा एक प्रकार आहे. पात्रे तीच, पण काळ, गाव, व्यवसाय सगळे वेगळे. राजपुत्र आणि योद्धे उचलून कॉफीच्या दुकानात नोकरीला लावायचे आणि तिथे त्यांचे प्रेम जमते का ते पाहायचे, ही तिकडे ठरून गेलेली तऱ्हा आहे. अमेरिकेत १९६६ साली ‘स्टार ट्रेक’ ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली, आणि १९६७ सालीच तिच्या चाहत्यांनी स्वतःचे हौशी नियतकालिक काढले. अशा लेखनाचा स्वयंसेवकांनी चालवलेला एक मोठा संग्रह आहे, त्याला २०१९ साली विज्ञानकथांच्या क्षेत्रातला ह्युगो पुरस्कार मिळाला.

नाव परदेशी असले तरी काम आपल्याकडे जुनेच आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि शकुंतला मराठी पदे गाऊ लागली. १९०५ साली बालगंधर्व रंगभूमीवर आले ते शकुंतलेच्याच भूमिकेत. व्ही. शांताराम यांनी १९४३ साली ‘शकुंतला’ हा चित्रपट काढला, आणि मन भरले नाही म्हणूनच की काय, १९६१ साली ‘स्त्री’ या चित्रपटात तीच कथा पुन्हा सांगितली. आपल्या तेलुगू शेजाऱ्यांकडे २०२३ साली ‘शाकुंतलम्’ आला. एकच मुलगी, पण दर पिढीला ती आपल्या घरी हवी असते.

आमचे बी.ए. हिंदी माध्यमातून झाले. तेव्हा मैथिलीशरण गुप्त यांचे ‘साकेत’ आम्हाला अभ्यासाला होते. रामायणात लक्ष्मण वनात जातो, कथा त्याच्यामागे निघून जाते, आणि त्याची पत्नी उर्मिला चौदा वर्षे महालात काय करत होती हे कोणी विचारत नाही. गुप्तांनी विचारले. मराठीत वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ ही कादंबरी १९५९ साली आली. तिच्यातली अलका महाभारतात कोठेच नाही. ती खांडेकरांनी निर्माण केली आणि ययातीच्या आयुष्यात आणून बसवली. या कादंबरीला १९७४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. मग आमच्या टेबलावरच्या वहीला आम्ही गुन्ह्याचा पुरावा कसे समजलो?

वत्सला की शशिरेखा?

आपल्या भागातल्या मुलांना समजेल असे आणखी एक उदाहरण घेऊ. मराठी घरात आजी बलरामाच्या मुलीची गोष्ट सांगते तेव्हा तिचे नाव वत्सला असते. शेजारच्या तेलुगू घरात हीच मुलगी शशिरेखा होते. तिचे अभिमन्यूवर प्रेम आहे, घरचे तिचे लग्न दुर्योधनाच्या मुलाशी ठरवतात, आणि घटोत्कच मायाजाल पसरून वराकडच्यांची फजिती करतो.

व्यासांच्या महाभारतात मात्र बलरामाला अशी मुलगीच नाही. तिथे अभिमन्यूचे लग्न विराटाच्या उत्तरेशी होते आणि थोड्याच दिवसांत तो चक्रव्यूहात मारला जातो. लोकांना ते सहन झाले नसावे. त्या पोराच्या वाट्याला थोडे प्रेम, थोडी चेष्टामस्करी, एक लग्नाचा मांडव यावा, म्हणून कोणीतरी वत्सला निर्माण केली असेल, असे आम्हाला वाटते. १९५७ साली के. व्ही. रेड्डी यांनी या कथेवर तेलुगूत ‘मायाबजार’ काढला. त्यात एन. टी. रामाराव कृष्ण, एस. व्ही. रंगाराव घटोत्कच आणि सावित्री शशिरेखा झाली. पांडवांच्या घरातल्या लग्नाची ही गोष्ट, आणि चित्रपटात पाच पांडव एकदाही दिसत नाहीत! तरी प्रेक्षकांना काही उणे वाटले नाही, कारण ते घराणे त्यांच्या ओळखीचेच होते.

आपले कुंतला

आता आपल्या अंगणात येऊ. आपल्या नेरडीगोंडा मंडलात कडम नदीवर कुंतला धबधबा आहे. उंची १४७ फूट, म्हणजे सुमारे ४५ मीटर. महाशिवरात्रीला तेथे सोमेश्वराच्या दर्शनाला आपण सर्व जातो. हे नाव कोठून आले? तेलुगूत ‘कुंट’ म्हणजे तळे आणि ‘कुंटलु’ म्हणजे तळी. पाणी जिथे कुंडाकुंडांत साचते त्या जागेला हे नाव शोभते.

पण लोक एवढ्यावर थांबले नाहीत. शकुंतलेच्या नावावरूनच कुंतला, दुष्यंताला ती इथेच भेटली, अशी आख्यायिका या भागात सांगतात. कण्वांचा आश्रम महाभारतात दूर उत्तरेला मालिनी नदीच्या काठी आहे. आपल्या पूर्वजांनी ती मालिनी उचलून कडम केली. सागाच्या रानात, ढगांच्या गडगडाटात, एवढे पाणी कोसळताना पाहून कोणाला तरी वाटले असेल की असे प्रेम इथेच घडायला हवे. हे कोणी वहीत लिहिले नाही, नुसते सांगितले, आणि गावाचे झाले. आपल्या मुलीने त्या गोष्टीत रोपवाटिका आणि मोबाईल तेवढा घातला.

गोडी कशात आहे?

वर्गात आम्ही हा प्रश्न नंतर मुलांनाच विचारला. त्यांची उत्तरे आणि आमचा विचार मिळून खालील चार मुद्दे निघाले.

१. ओळख. नव्या कथेत माणसे ओळखीची व्हायला वेळ लागतो. इथे पहिल्या ओळीतच शकुंतला म्हटले की आपण तिच्या बाजूचे होतो. लिहायला शिकणाऱ्याला ही मोठी मदत आहे. सायकल शिकताना मागून कोणी धरून ठेवतो, तसे.

२. पारख. मुकुट, रथ, आश्रम काढून घेतले, तर प्रेमात शिल्लक काय राहते? दुष्यंताकडे राज्य नाही, फक्त सरकारी गाडी आहे. तरी तो तसाच वागेल का? जग बदलले म्हणजे माणसाचा स्वभाव उघडा पडतो. सोने आगीत घालून पाहतात, त्यातलाच हा प्रकार.

३. राहून गेलेला न्याय. उर्मिलेला कोणी विचारले नाही, अभिमन्यू लवकर गेला, शकुंतलेला भर दरबारात नाकारले. वाचकाच्या मनात हे सलत राहते. पर्यायी कथा म्हणजे वाचकाने मूळ कथेकडे केलेला अर्ज असतो. ‘एकदा पुन्हा पाहा, असे झाले असते तर?’

४. भावनांची तालीम. पंधराव्या-सोळाव्या वर्षी मनात जे चालते, ते आई-वडिलांशी बोलता येत नाही आणि मैत्रिणीशीही पूर्ण बोलता येत नाही. स्वतःच्या नावाने लिहायची तर भीती. शकुंतलेच्या नावाने लिहिले की भीती कमी होते. नकार मिळाला तर काय म्हणायचे, फसवले तर कसे उभे राहायचे, हे मूल कागदावर करून पाहते. कागदावर पडले तर गुडघे फुटत नाहीत.

पालकांनी चौथा मुद्दा पुन्हा वाचावा. मुलगी प्रेमकथा लिहिते म्हणजे ती कोणाच्या तरी प्रेमात आहेच, असे नव्हे. आमच्या विद्यार्थिनीने तर फसवणाऱ्या माणसाला उत्तर कसे द्यायचे ते लिहिले होते. हे आपण शाळेत शिकवायला हवे होते. ते तिने स्वतःच शोधले.

काही पथ्ये

मुभा दिली की पथ्येही सांगणे आमचे काम आहे.

वर्गातली, गावातली खरी मुले-मुली कथेत घालू नका. नाव बदलून घातले तरी लोक ओळखतात आणि त्याचा त्रास त्यांना होतो. चित्रपटातल्या नटांवर, गायकांवर लिहिण्याची हौस पुष्कळांना असते. तीही खरी माणसे आहेत. त्यांच्यापेक्षा त्यांनी रंगवलेले पात्र घ्या.

व्यास आणि कालिदास सर्वांचे आहेत. अलीकडच्या लेखकांचे तसे नाही. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या लेखनाचे हक्क राखीव असतात. खांडेकर १९७६ साली वारले, म्हणजे त्यांचे हक्क २०३६ अखेरपर्यंत आहेत. वहीत आपल्यापुरते लिहिणे वेगळे, छापून विकणे वेगळे.

मोबाईलवर कथा टाकायची झाली तर घरच्यांना सांगून टाका. शाळेचे नाव, गाव, फोटो, फोन नंबर देऊ नका. कथेचे कौतुक करून कोणी अनोळखी माणूस भेटायला बोलावू लागला, तर तेव्हाच मोठ्यांना सांगा.

शेवटचे पथ्य. कथेतल्या नायिकेला ‘नाही’ म्हणता आले पाहिजे. महाभारतातली शकुंतला आधी अट घालते आणि मग होकार देते, हे विसरू नका. पाठलाग करून मिळवलेल्या होकाराला प्रेम म्हणू नका, मग तो कितीही मोठ्या नायकाने मिळवलेला असो.

आणि हो, गणिताच्या तासाला गणितच!

वही परत

पुढच्या रविवारी आम्ही वही घेऊन त्यांच्या घरी गेलो. वडिलांना सांगितले की दुष्यंत हा भरताचा बाप, कोणत्याही गावचा मुलगा नव्हे, आणि तुम्हाला बोलावण्यात आमची चूक झाली. त्यांचा विश्वास बसेना. म्हणून ओसरीवर बसून आम्ही वहीतली शेवटची तीन पाने मोठ्याने वाचली. मुलगी आत होती. आई दाराशी उभी राहून ऐकत होती.

“मोबाईल पाण्यात पडला, मी नाही,” येथे आम्ही थांबलो. थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. मग आईने विचारले, “पुढं काय झालं मग?”

आतून मुलीचा आवाज आला, “लिहिलंच नाही. वही तर सरांपाशी होती.”

वडिलांनी त्या दिवशी काही कबूल केले नाही. ‘बघू’ म्हणाले. परीक्षेचा फॉर्म मात्र वेळेवर भरला गेला. मुलगी चांगल्या गुणांनी दहावी झाली आणि आता आदिलाबादला इंटरच्या पहिल्या वर्षाला आहे. वही ती सोबत घेऊन गेली. शेवट लिहिला की नाही, हे तिने सांगितलेले नाही. सांगेल तेव्हा, आणि तिची इच्छा असेल तर, याच पानावर छापू.

पालकांना आमची एकच विनंती. दप्तरात अशी वही सापडली तर “हा कोण?” असे पहिल्यांदा विचारू नका. ती माउली अक्षर न वाचता योग्य प्रश्न विचारून गेली. तोच विचारा. मूल उत्तर देईल, आणि तुम्हाला घरात काय चालले आहे तेही कळेल.

स्वाध्याय

१. महाभारतातील शकुंतला आणि कालिदासाची शकुंतला यांतील तीन फरक लिहा. तुम्हाला कोणती जवळची वाटते? कारण द्या.

२. घरातल्या मोठ्या माणसांकडून कुंतला धबधब्याची गोष्ट ऐका. मराठी, तेलुगू, गोंडी, ज्या भाषेत मिळेल त्या भाषेत. जशी ऐकली तशी लिहून आणा.

३. तुमच्या माहितीच्या कथेत कोणावर अन्याय झाला असे तुम्हाला वाटते? त्या व्यक्तीला आपल्या गावात आणा आणि दोन पाने लिहा. वहीवर खरे लेबल लावा.